येतोय का आवाज?

टेलिफोन कचेरीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या, खिडकीत कारकून.

“आजी, तुमची तक्रार निकाली निघालीय.”

“फोन तर महिनाभर मुका आहे.”

“खात्रीसाठी आम्ही फोन केला, कुणी उचलला नाही.”

“कुठल्या फोनवर?”

“तुमच्याच.”

“बंद पडलेल्या? पूर्वीचा लाइनमन खांबावरूनच फोन करून विचारायचा, ‘वहिनी, येतोय का आवाज?’ मी हो म्हटल्याशिवाय खाली उतरायचा नाही.”

“ते दिवस गेले, आजी.”

“माझी ताई आहे ना अजून. अंथरुणाला खिळलीय, रोज अकराला फोन करते. नाही लागला की रडत बसते.”

“नवी तक्रार लिहून घेतो. तुम्ही घरी जा.”

“दुरुस्त होईपर्यंत इथेच बसणार. ताईला पत्र टाकून तुमचा नंबर कळवलाय.”

टेबलावरचा फोन वाजला.

“अकरा वाजले. द्या इकडे.”