खालच्या मजल्यावरचा भोंगा

आदरणीय अध्यक्ष, मंचावरील पाहुणे, माझे सहकारी आणि पहिल्या रांगेत बसून घड्याळ बघणाऱ्या माझ्या नणंदबाई,

निरोप समारंभ माझा आहे, म्हणून बोलणं भाग आहे. सभागृहाचं दार उघडं ठेवायला मी सांगितलं, ते उकाड्यासाठी नाही. खाली आपली एक काचपेटी मुद्दाम जास्त तापवली जाते आहे. नवजात बाळांना ऊब देणारी पेटी अति तापली की भोंगा वाजलाच पाहिजे. तो वाजला तरच या चाचणीपायी अडकलेल्या पेट्या रुग्णालयांत जातील. तोवर माझं लक्ष भाषणात नसेल.

त्या पेटीचा सी भाषेतला प्रोग्राम नणंदबाईंनी आणि मी तरुणपणी लिहिला. यंदा तापमान मोजणारा जुना सेन्सर मिळेनासा झाला, नव्यासाठी थोड्या ओळी बदलल्या. आपलं लिखाण चिपला कळेल असं करून देतो तो कंपायलर. आम्ही नवा घेतला. त्याने निमूट काम केलं आणि भोंगा मुका झाला. का? चिपला मध्ये दम घेता यावा म्हणून आम्ही जागोजाग रिकामे फेरे घातले होते: नुसतं मोज, दुसरं काही करू नकोस. नव्या शहाण्याने ते निरुपयोगी ठरवून काढून टाकले. ते शोधून पुन्हा घालता आले असते, पण सगळे सापडले, असं छातीठोकपणे कोण सांगणार? तेव्हा जुनाच कंपायलर हवा होता. त्याची कंपनी केव्हाच बंद पडलेली. आमच्या कपाटात प्रत निघाली. पण कॉम्प्युटरला मागून लावायची त्याची किल्ली नव्हती, आणि तिच्याशिवाय तो चालत नाही.

नणंदबाईंना फोन केला. एरवी आम्ही वाढदिवसापुरत्या बोलतो.

"किल्ली आहे, वहिनी. जुन्या कॉम्प्युटरलाच लावलेली."

"पाठवून द्या."

"काढणार नाही. परत लागली नाही तर मलाच बोलाल."

"मग मी येते."

"या. पण टेबलाला धक्का लावायचा नाही."

काल त्यांच्या मागच्या खोलीत जुना कंपायलर प्रोग्राम नव्याने तयार करत होता, तेव्हा इस्त्रीच्या ढिगाशेजारी उभी राहून मी विचारलं, "हे रिकामे फेरे मुळात कुणाचे हो?"

"माझे. तुमच्या हाती असतं तर त्यातही काम घातलं असतंत."

तो प्रोग्राम आज खालच्या पेटीत आहे. उद्यापासून घरी बसताना नणंदबाईंचं हे वाक्य मला छळणार आहे. अध्यक्षांनी माझं कौतुक केलं, त्याबद्दल...

थांबा. टाळ्या नकोत. ऐकू द्या.

वाजतोय.

नणंदबाई, उठा, चला खाली. बाकीच्यांचे मनापासून आभार. भाषण अर्धंच राहिलं, तेवढं पदरात घ्या.