गाठोड्यातली चौऱ्याहत्तर वर्षं

“हॅलो? … हो, मीच. … इतिहास हा कुणा एकाच्या मालकीचा नसतो, प्राची. तो सगळ्यांचा असतो. सांभाळणारा आपला निमित्तमात्र. … हो हो, ऐकतोय. … अच्छा, नाव हवंय. कुठल्या वर्षाचं?”

लवू घाडी काळाचौकीच्या एका गणेशोत्सव मंडळाचे बावीस वर्षं चिटणीस होते, त्यामुळे असं बोलणं त्यांच्या तोंडी शोभतही असे. अडचण एवढीच, की हा सगळ्यांचा इतिहास त्यांनी एकाच फायलीत बांधून ठेवला होता आणि आतल्या कुठल्या कागदाला काय नाव दिलंय हे एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. मंडळानं नव्या रक्ताला वाव द्यायचा ठराव केला, लवूकाकांना शाल आणि नारळ दिला, आणि चिटणीसपद प्राचीकडे आलं. जाता जाता काकांनी मंडळाचे चौऱ्याहत्तर वार्षिक अहवाल स्कॅन केले आणि ‘टार’ नावाच्या आज्ञेनं त्यांचं एक गाठोडं करून प्राचीच्या लॅपटॉपवर टाकलं. परळच्या एका इस्पितळाच्या संगणक विभागात त्यांनी उभी हयात काढली होती. तिथं रोजचा डेटा असाच टेपवर चढवत.

गाठोडं सोडायचं ते एक्स या अक्षरानं. ते त्यांनी प्राचीला शिकवलं. आत काय काय आहे याची यादी टी या अक्षरानं दिसते. ते शिकवायचं राहून गेलं, असं ते स्वतःला सांगत. शिवाय अहवालांना नावं दिली होती ती वर्षांची नाही, त्या त्या वर्षीच्या देखाव्याची. त्यामुळे एकेका अहवालासाठी प्राचीला दर गुरुवारी पाच वाजता फोन करावा लागे.

आणि लवूकाका दर गुरुवारी चार वाजता फोन चार्जिंगवरून काढून ठेवत. जुनी चाळ पाडल्यापासून ते वडाळ्याला संक्रमण इमारतीत तेराव्या मजल्यावर राहत होते. चार महिन्यांत दारावरची बेल दोनदा वाजली होती. दोन्ही वेळा येणाऱ्याला समोरच्यांकडे जायचं होतं.

“एकोणसत्तर? … लिहून घे. आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडलीयस ना? … टी, ए, आर. मग स्पेस. मग आडवी रेघ, तिला चिकटून एक्स आणि एफ. … अगं नाही, मध्ये जागा नको. … हं. पुन्हा स्पेस, ‘मंडळ डॉट टार’. … स्पेस. आता अहवालाचं नाव. ‘चंद्र डॉट पीडीएफ’. … हो, नुसतं चंद्र. … एंटर.”

“आली? … येणारच. … नाही नाही, ठेवू नकोस, ऐक ना. त्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला, म्हणून आपला देखावा तोच. गिरणीतल्या फिटरांनी पत्र्याचं यान केलेलं, दोन माणूस उंच. मी आठ वर्षांचा. आणि आत खराखुरा माणूस बसवलेला, पांढरा डगला घालून. रात्री आरतीच्या वेळी दार उघडायचं आणि त्यानं हात हलवायचा. … कोण, ते शेवटी सांगतो. … तर आरती सुरू झाली… काय? … बोल.”

प्राचीला आरतीपर्यंत थांबायला वेळ नव्हता. तिचं म्हणणं सरळ होतं. अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेचा मजकूर गिरगावच्या छापखान्यात आज सातच्या आत द्यायचा होता. आतापर्यंत निघाले होते बारा अहवाल. उरलेले बासष्ट एकदम हवे होते.

“एकदम? … असं कसं एकदम. जुनी फाईल आहे ती. … आपला अध्यक्ष काय म्हणतो? … डबल क्लिक? त्याला सांग, हा काय वडापाव आहे पुडी सोडून खायला? … नाही, रागवत नाहीये. … मग पुढचा अंक काढा. दर वर्षी काढा. … हो, कळतंय अमृतमहोत्सव एकदाच येतो. मी तेच तर सांगत होतो कमिटीला.”

बासष्ट गुरुवार म्हणजे एक वर्ष आणि वर सव्वादोन महिने होतात. ही गोष्ट लवूकाकांनी कॅलेंडरवर आधीच पाहून ठेवली होती.

“काय छापणार म्हणालीस? … पुन्हा वाच. …”

अध्यक्ष स्वप्नीलनं पर्यायी मजकूर तयार ठेवला होता. ‘मंडळाचे बहुतांश जुने अहवाल उपलब्ध नाहीत.’ एका ओळीत काम भागत होतं.

लवूकाकांच्या खिडकीतून खाली मिठागरांकडची मोकळी जमीन दिसत होती. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांनी ती पाहून घेतली. ते अहवाल त्यांनी पावसाळ्यात भिजू नयेत म्हणून बावीस वर्षं स्वतःच्या पलंगाखाली ठेवले होते. उपलब्ध नाहीत.

“… हॅलो. आहे, आहे. … प्राची, लिही. टार. स्पेस. आडवी रेघ, एक्स, एफ. स्पेस. मंडळ डॉट टार. … हं. … मग काही नाही. … नाव नाही लिहायचं. … कुणाचंच नाही. पुढची जागा रिकामी सोड. … हो, एवढंच. दाब एंटर.”

त्यांनी घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहिलं.

“… सगळे? … मोज. … चौऱ्याहत्तर. बरोबर. … खराब नाही ना एकही? … छान. … काय? … आधी नाव कशाला लिहायला लावत होतो?”

हा प्रश्न यायचाच होता. त्याचं उत्तर त्यांनी गेले दोन महिने तयार ठेवलं होतं आणि ते तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होतं.

“तेव्हा तुला एकच हवा असायचा ना.”

पलीकडे प्राची आनंदानं कुणालातरी हाका मारू लागली. फोन तिनं टेबलावर ठेवला असावा. मंडळाच्या कार्यालयात कॅरमची सोंगटी कुठंतरी टक्‌कन लागली. स्वप्नीलनं काहीतरी विचारलं, प्राचीनं काहीतरी सांगितलं. त्यात ‘काका’ हा शब्द होता. बाकीचं पंख्यानं खाल्लं. मग प्रिंटर सुरू झाला.

“हॅलो? … प्राची? …”

फोन तिनं बंद केला नव्हता. काकांनीही ठेवला नाही. त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली.

“… तर आरती सुरू झाली. दोन कडवी झाली, तीन झाली, यानाचं दार काही उघडेना. बाहेरून पत्र्यावर ठोकलं, आतून आवाज नाही. लोक घाबरले. शेवटी फिटरांनी छिन्नीनं दार काढलं. … तर आतला माणूस गाढ झोपलेला. रात्रपाळी करून आला होता. उठला, समोर एवढी गर्दी बघितली, आणि त्यानं सवयीनं गिरणीतली हजेरी दिली. ‘धर्मा, खातं क्रमांक चार’. … लोक किती हसले म्हणून सांगू. … तुझे आजोबा ते, प्राची. तुला कुणी सांगितलंय की नाही, माहीत नाही. अहवालात नाहीये. अहवालात फक्त ‘यान आकर्षक होते’ एवढंच आहे.”

प्रिंटर चालूच होता. मग कुणीतरी चहा आल्याचं सांगितलं, टेबल सरकलं, आणि फोन बंद झाला.

फोनच्या पडद्यावर आकडा आला. एक्केचाळीस मिनिटं. त्यातली गाठोडं सुटायला लागली ती नऊ सेकंदं.