सर्व्हरला घातलेला हार

खंडेनवमीला आमच्या पतसंस्थेत सर्व्हरचीही पूजा झाली, आणि दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं तर सर्व्हरशी जोडणीच नाही, सगळे काउंटर बंद.

"पूजेआधी सर्व्हर शेवटी कोणी पुसला?" साहेबांनी विचारलं.

मीच. नोकरी कच्ची, घरी अंगावर पिणारं बाळ. चिपळूणच्या इंजिनिअरला फोन लावला.

"नेटवर्क कार्ड गेलं असेल तर बदलता येईल ना?"

"वेगळं कार्ड नाहीच, वहिनी. ते मदरबोर्डातच आहे. गेलं तर बोर्डच गेला."

मी बोर्डाची किंमत विचारणार, तोच तो म्हणाला,

"मागे दोन सॉकेट आहेत. केबल वरच्यात आहे ना?"

झेंडूचा हार सरकवून पाहिलं. केबल खालच्या सॉकेटात.

साहेब खाकरले. "हार नीट बसेना, म्हणून मीच जरा काढून लावली होती."

केबल वरच्यात लावताच काउंटर सुरू झाले, सगळे हसले. मला मात्र अजून झेंडूचा वास आला की आधी नोकरी आठवते.