मंगळवारी पडलेला दात

...नाही, पण मला एक सांगा, दात पडायच्या आधी दात पडल्याचं अभिनंदन स्वीकारायची वेळ तुमच्यापैकी किती जणांवर आलीय? हात वर करा बघू. कुणीच नाही ना? म्हणजे मी एकटाच. वाटलंच होतं मला.

तुम्हाला सांगतो, दात माझा नाही. माझा असता तर गपचूप उपटून मोकळा झालो असतो. दात मुलीचा. वय वर्षं साडेसहा, घरात तिला मुंगी म्हणतो, कारण हाताला लागेल ती वस्तू ती आधी कुठेतरी नेऊन लपवते आणि मग तिचं काय करायचं ते ठरवते. आणि मी तिचा बाप, घरी असतो. चार वर्षं झाली. बायकोची नोकरी माझ्या नोकरीपेक्षा बरी होती, साहेब बरा होता, कँटीनसुद्धा बरं होतं, मग मी सोडली. झालं! त्या दिवसापासून एक वाक्य माझ्या मागे लागलंय ते काही सुटत नाही.

वरच्या मजल्यावरचे काका : ‘‘अरे, प्लंबर येणार आहे, किल्ली तुझ्याकडे ठेवतो. तू घरीच तर असतोस.’’ माझी ताई : ‘‘पार्सल तुझ्या पत्त्यावर मागवलंय रे, घरीच तर असतोस.’’ एकदा तर राँग नंबर लागला, मी म्हटलं, साहेब, चुकीचा नंबर आहे, तर तो म्हणतो, ‘‘असू दे हो, घरीच आहात ना, बोला की जरा.’’ बोललो! वीस मिनिटं बोललो. त्याच्या मेहुण्याची सगळी भानगड मला पाठ आहे.

ब्लॉग त्या रागातून सुरू झाला. एक दिवस मुंगीला मोजे घालायला मला चाळीस मिनिटं लागली. एक जोडी मोजे! संध्याकाळी बायको विचारते, ‘‘दिवसभर काय केलंस?’’ आता मोजे घातले हे कुठल्या तोंडाने सांगणार? मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो आणि लिहून काढलं. पहिल्या दिवशी अकरा जणांनी वाचलं. त्यात नऊ नातेवाईक, उरलेले दोन मीच, वेगवेगळ्या फोनवरून. पण त्या मोज्यांनी काय धुमाकूळ घातला म्हणता! महिन्याभरात दप्तरवाली कंपनी आली, मग पाण्याच्या बाटलीवाली आली, मग टूथपेस्टवाली. आणि बघता बघता त्याचं करिअर झालं. ऑफिस म्हणजे तेच टेबल, एका बाजूला फ्रीज, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले तेच मोजे. लोकांना वाटतं, आता तरी ह्याला काम आहे. छे! काका म्हणतात, ‘‘वा, घरीच तर असतोस, वर लिहितोसही.’’

तर टूथपेस्टवाल्या मॅडम. काय तो गोड आवाज! ‘‘सर, आम्हाला अगदी मनातलं हवंय हं, सर. खरंखुरं, उत्स्फूर्त. आणि आठ दिवस आधी पाठवा, म्हणजे आमचं लीगल डिपार्टमेंट बघेल.’’ उत्स्फूर्त, आठ दिवस आधी! आणि मी काय म्हणालो असेन? ‘‘हो मॅडम, चालेल.’’

त्याच आठवड्यात मुंगीचा खालचा दात हलायला लागला. पहिला दात! तुम्हाला सांगतो, बाप म्हणून मी तिला उचलून घेतलं आणि ब्लॉगवाला म्हणून मी कॅलेंडर काढलं. तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हटलं, डॉक्टर, कधी पडेल? ते म्हणाले, ‘‘पडेल तेव्हा पडेल.’’ म्हटलं, तरी अंदाजे? मंगळवारपर्यंत? त्यांनी मास्क खाली केला, माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पडायला हरकत नाही.’’ झालं, मी मंगळवार धरला.

आणि काय लिहिलं होतं मी! सकाळचं कोवळं ऊन, मुंगी सफरचंद खातेय, खाता खाता दात पडतो, ती तो तळहातावर ठेवून माझ्याकडे आणते आणि म्हणते, ‘‘बाबा, मी मोठी झाले ना?’’ लिहिता लिहिता मीच रडलो. बायकोने वाचलं, तिचेही डोळे भरले. म्हणाली, ‘‘हे कधी झालं?’’ म्हटलं, पुढच्या मंगळवारी. तिचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले.

‘‘आणि नाही पडला तर?’’

‘‘पडेल गं.’’

मग लीगल. लीगलने सफरचंदच काढून टाकलं. का, तर सफरचंद दातांना वाईट असा अर्थ निघतो. म्हटलं, मग ब्रश करताना पडू दे. मॅडम किंचाळल्याच. ‘‘नको नको, सर! आमच्या पेस्टने दात पडतात असं होईल ना ते!’’ तीन दिवस वाटाघाटी. शेवटी हसता हसता पडला असं ठरलं. हसण्याला कुणाची हरकत नव्हती. मी मंगळवार, सकाळी अकरा अशी वेळ लावून ठेवली, म्हणजे पोस्ट आपोआप जाणार.

शनिवारपासून मी तिला सफरचंद, गाजर, कडक टोस्ट, पुन्हा सफरचंद असं सुरू केलं. ही दुसऱ्या बाजूने चावते! सोमवारी संध्याकाळी दात नुसता लोंबतोय, पण पडायचं नाव नाही. म्हटलं, हरकत नाही, उद्या अकराच्या आत पोस्ट थांबवू. आणि मंगळवारी साडेदहाला दारात कोण? काकांचा प्लंबर. किल्ली माझ्याकडे. मी घरीच तर असतो! वर गेलो, त्या बाबाने नळ काढला आणि पाणी असं उसळलं की पाऊण तास मी दोन्ही हातांनी पाइप धरून उभा. खाली आलो तो पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि फोनवर त्र्याहत्तर निरोप. अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन.

पहिला फोन सासूबाईंचा. ‘‘अहो, नातीचा दात पडतो आणि मला ब्लॉग वाचून कळतं? तुम्ही घरीच तर असता, एक फोन करायला काय होतं?’’ आता काय सांगू? म्हटलं, घाईघाईत पडला हो.

पण खरी गंमत... गंमत कसली, शाळेत झालं ते. बाईंनी मधल्या सुट्टीत पोस्ट वाचली, बिचाऱ्या कौतुकाने वर्गात सांगून बसल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘‘दाखव बघू!’’ मुंगीने तोंड उघडलं, दात जिथल्या तिथे. मागून कुणीतरी म्हणालं, खोटारडी. मग सगळेच म्हणाले.

हे मला बाईंनी फोनवर सांगितलं. मुंगीने नाही. ती घरी आली, बूट जागेवर ठेवले, दप्तर जागेवर ठेवलं, तेव्हाच मी हबकलो, कारण आजवर दप्तर कधी जागेवर गेलेलं नाही. टेबलापाशी आली आणि म्हणाली, ‘‘बाबा, ‘मी मोठी झाले ना’ असं मी कधी म्हणाले?’’

‘‘अजून म्हणाली नाहीस, बाळा.’’

‘‘मग तुला कसं माहीत?’’

तुम्हाला सांगतो, लीगलने मला अकरा प्रश्न विचारले होते. हा नव्हता विचारला.

‘‘मी आता दात पाडणारच नाही,’’ ती म्हणाली आणि तोंड मिटून आत गेली. ते तोंड चार दिवस मिटलेलं. सूप, मऊ भात, पुन्हा सूप. शाळेत काय झालं? काही नाही. डब्यात काय उरलं? काही नाही. अहो, पूर्वी दारातून आत यायच्या आधी हिची बडबड जिन्यातून वर यायची! कोण पडलं, कुणी कुणाचा खोडरबर घेतला, बाईंच्या चपलेचा पट्टा कसा तुटला. नोकरी मी काय मोज्यांसाठी सोडली होती? ती बडबड ऐकायला मिळावी म्हणून सोडली होती. आणि तीच बंद. मला रडू येत होतं आणि फोनवर मॅडम, ‘‘सर, पोस्ट जोरात चाललीये! दुसरा दात कधी?’’ म्हटलं, पोस्ट काढा. तर म्हणे करारात आहे, वर्षभर काढता येत नाही. मी खाली लिहिलं, ‘दात पडलेला नाही, मी खोटं लिहिलं.’ लोकांना तो विनोद वाटला. तीनशे जणांनी हसून दाखवलं.

शेवटी शुक्रवारी गेलो शाळेत. बाईंना विचारून वर्गासमोर उभा राहिलो. म्हटलं, मुलांनो, दात पडला असं हिने सांगितलं नव्हतं. खोटं मी बोललो. खोटारडा मी. पुन्हा खोटं बोलणार नाही.

पहिल्या बाकावरची एक वेणीवाली : ‘‘का?’’

‘‘आठ दिवस आधी लिहून द्यावं लागतं.’’

‘‘मग पुढच्या आठवड्यात तुमचं काय होणार ते पण लिहिलंय?’’

आता खोटं बोलणार नाही असं नुकतंच सांगून बसलेलो. ‘‘हो,’’ म्हटलं.

‘‘काय होणार?’’

‘‘सर्दी.’’

वाफेच्या मशीनवाली कंपनी होती हो! वर्ग जो खिदळला... बाई फळ्याकडे तोंड करून हसत होत्या. आणि तिसऱ्या बाकावर मुंगी, तोंड उघडून, खदखदून. दात लोंबतोय, पण आहे. मी बघितला.

शनिवारी पडला.

कसा पडला, कुठे पडला, तेव्हा ती काय म्हणाली... ते मी सांगणार नाही. तिला शब्द दिलाय. लिहायचं नाही, फोटो नाही, आजीला तीच फोन करून सांगणार. इथे येऊन काय बोलायचं तेही तिला वाचून दाखवलं, तिने पेन्सिलीने दोन पानं खोडली. आतापर्यंत सांगितलं ते सगळं मंजूर झालेलं आहे, तुम्ही निर्धास्त असा. शनिवारचं एकच वाक्य तिने ठेवू दिलंय. मी तिला विचारलं, ‘‘आईला सोडून मला आधी का गं दाखवलास?’’ तर खांदे उडवून म्हणाली, ‘‘तू घरीच तर असतोस.’’

चार वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य मला गोड लागलं. पण हे लिहिता येत नाही, म्हणजे करिअरच्या दृष्टीने शून्य. बाकी दात कसा पडला हे तुम्हाला अगदीच जाणून घ्यायचं असेल, तर मंगळवारची पोस्ट आहे. वर्षभर राहणार आहे. त्यातलं एक अक्षर खरं नाही, पण लिहिलंय मात्र फार छान.