वळणापर्यंतची जागा

भर दुपारी बुलढाण्याहून मोताळ्याला निघालेल्या बसमध्ये तिघांच्या बाकावर दोघंच बसलेले दिसले, तशी मंजुश्रीनं विचारलं, "मधात कोणी आहे का?"

"बसा ना ताई. पण घाटातल्या मोठ्या वळणापर्यंतच," खिडकीकडचा म्हणाला.

वळणावर यांचं कोणी चढणार असेल, असं समजून ती बसली. दोघांच्या गप्पा तिच्यावरूनच पुन्हा सुरू झाल्या.

"मंग शेखर, शेठच्या दोन्ही गाड्या तूच चालवतं. घाटाले कोणती बरी?"

"सेडान पयते लय, शालिग्रामभाऊ, पण वळणावर झुकते. अन् त्या मोठ्या वळणापासून मांगून जड होते. मांगच्या सीटच्या पट्ट्याची घंटी वाजते."

"मांगं कोण असते?"

"कोणीच नाही. पायथ्याले घंटी आपोआप बंद."

"अन् ते दोन सीटची स्पोर्टवाली?"

"ते रस्त्याले चिकटून चालते. स्टेरिंग दोन बोटानं फिरवा. वळण आलं तसं म्हटलं, या गाडीले मांगची सीटच नाही, आता कुठी बसशीन?"

"मंग?"

"बाजूच्या सीटची घंटी वाजली."

"बापा! तू काय केलं बे?"

"काय करतो? पट्टा लावून देल्ला. गाडी सुतासारखी खाली उतरली."

"आज बसनं काऊन मंग?"

"गाड्या सर्व्हिसिंगले आहेत. पण बसच्या सीटले घंटी नसते ना भाऊ. आपणच जागा ठेवा लागते."

समोर मोठं वळण दिसलं. कोणी काही म्हणायच्या आत मंजुश्री उठून उभी राहिली.

"थोडं बाजूले व्हा ताई," शेखर हळूच म्हणाला, "तिले आत येऊ द्या."