कोमलचा फोन लागंना

मी पाथर्डी तालुक्यातली. डोंगराकडंचं गाव, पान्याची बोंब, म्हनून आई-बाप ऊस तोडायला जायचे आन मीबी त्यांच्यामागं, लगीन झाल्यावर नवऱ्यामागं, गाव बदललं पन कोयता त्योच. कोमल माझी एकुलती एक. ती रांगायला लागली तवा आमी प्रवरा नदीच्या काठाला उसात हुतो, आन उसात बिबट्या, ते तर तुमाला ठावंच हाय. हात कोयत्यावर आन नजर पोरीवर, उसाचं वाळलं पाचट वाजलं की पळत जाऊन तिला उचलून घ्यायची. काय सांगू तुमाला ताई, भीती ती तवाच अंगात शिरली.

पुढं तिच्या शाळंसाठी मी तोड सोडली, गावच्या शाळंत खिचडी शिजवायचं काम धरलं, माझे मालक, कोमलचे बाप, एकलेच जायचे तोडीला. पोरगी लई हुशार. बारावी नगरला, कॉलेज पुन्याला, आन एक दिवस म्हनली आई मला शिष्यवृत्ती लागली, मी परदेशात एमे करायला जानार. कशाचं गं एमे? तर म्हनली, आंतरराष्ट्रीय धोरण आन विकास. मला तर ते बोलताबी येईना. म्हनलं काय शिकत्यात त्यात? म्हनली, मोठे देश गरीब देशांना मदत करत्यात, धरनं बांधत्यात, दवाखाने काढत्यात, तर ते कोनी ठरवायचं, आन ज्यांच्यासाठी करायचं त्यांना कोनी इचारतं का, ते शिकायचं. माझे दीर म्हनले, म्हंजी कलेक्टर व्हनार का? न्हाई. मास्तरीन? न्हाई. मंग कशाला पोरगी येवढी लांब धाडता? तरीबी मी धाडली.

दुसऱ्या वर्षी तिथं शिकनाऱ्या पोरांना कुठल्यातरी देशात खेड्यात राहून अभ्यास करायचा असतो. तिला डोंगराळ देश मिळाला, नाव माझ्या तोंडात बसत न्हाई. तिथल्या बायांना पान्याच्या योजनेचं इचारत फिरायची, आन रोज दुपारी मला फोन. एक दिवस फोन आला न्हाई. दुसऱ्या दिवशी मी खिचडी ढवळीत हुते तर गुरुजी मोबाईल घेऊन आले, म्हनले मावशी, कोमल नेमकी कुठल्या देशात हाय? मी कसंबसं नाव सांगितलं तर त्यांचं तोंडच उतरलं. म्हनले तिथं दंगल पेटलीय, फोन-नेट समदं बंद केलंय. खिचडी बुडाला लागली, करपल्याचा वास सुटला, पन मला कळलंच न्हाई. गुरुजींनी तिच्या कॉलेजात इंग्रजीत फोन केला, ते म्हनले आमीबी शोधतोय. दीर म्हनले, ऐकलं असतं माझं तर. मालक जेवतानाबी डाव्या हातातला मोबाईल खाली ठेवीत नव्हते.

मंग तिथलं नेट परत चालू झालं, त्या सकाळी मी शाळंत डाळ धूत हुते आन व्हिडिओचा फोन आला, नंबर अनोळखी. उचलला तर एक परकी बाई, डोक्याला फडकं, तोंड आपल्यासारखंच उन्हानं रापलेलं. ती घाईघाईनं बोलाय लागली, एक शब्द कळंना. म्हनलं गेली माझी पोरगी, आन ही बाई त्येच सांगती. तेवढ्यात तिनं फोन फिरवला तर शेजारी कोमल! म्हनली आई रडू नको, हिनं मला घरात लपवलं हुतं, बाहेरची पोरगी कुठंय म्हनून दंगल करनारी मानसं आली तर हिनं सांगितलं ही माझी सून हाय. मी हात जोडले. त्या बाईनं आपला हात छातीवर ठेवला. आमी दोघी नुसत्या रडलो, बोलनार तरी कशात?

कोमल सुखरूप कॉलेजात माघारी गेली, प्रबंध लिहून पास झाली, घरी आली. मला वाटलं सुटले एकदाची. तर एक दिवस चुलीपाशी बसून म्हनती, आई, त्याच भागात काम मिळतंय, पन तू न्हाई म्हनलीस तर मी जानार न्हाई. ताई, न्हाई हा शब्द माझ्या जिभेवर आला हुता. भाकरी थापता थापता फाटली. मी इचारलं, त्या बाईला कोन हाय गं? म्हनली, एक लेक हुता, दंगलीत शहराला गेला त्यो आलाच न्हाई. फाटली भाकरी गोळा करून मी परत थापली. मंग म्हनलं, जा.

आता ती तिथंच हाय. फोन उशिरा आला की आजबी मला काम सुचत न्हाई. दीर म्हनत्यात तूच धाडली. व्हय, मीच धाडली. आमच्याकडच्या मोहट्याच्या देवीला म्हनते, आई, पोरीला सांभाळ, आन तिला सून म्हननाऱ्या त्या बाईलाबी.