संबंध तोडा

"हॅलो? हॅलो, सारंगखेडा?… हां, शहादाथून गिरधर बोली ऱ्हायनू!"

कापसाच्या जिनातला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातला, एकुलता एक फोन गिरधरभाईंनी दोन्ही हातांनी कवटाळला होता. पलीकडे होणारे व्याही, बन्सीलाल. साखरपुड्याचा नारळ त्यांनी सकाळच्या एस.टी.ने चक्क परत धाडला होता.

"बन्सीभाई, नारळ कसाले परत धाडा?… काय?… मी संबंध तोडा? कोन सांगं?… कंडक्टरनी?… हां, सभामा बोलनू मी, कबूल. पन ऐका ना… अहो, ते पोर्तुगालना बारामा! गोव्याना हद्दवर आपला पोऱ्यासवर गोळ्या घाल्या त्यासनी. हातमा काठीबी नव्हती पोऱ्यासना! तुमना मोतीलालना पायले गोळी लागनी, मंग मी गप बसू?… हां, ठराव मांडा. दिल्लीले सांगं, संबंध तोडा…"

तिथंच घोटाळा झाला होता. गिरधरभाई सभेत शाळेतल्या मराठीत गरजले आणि लोकांनी ते घरच्या अहिराणीत ऐकलं. अहिराणीत 'तोडा' म्हणजे 'तोडला'सुद्धा!

"अहो, 'तुम्ही तोडा' अस सांगं दिल्लीले! 'मी तोडा' अस नही!… काय?… लंगडा जावई नको म्हनीसन?…"

गिरधरभाईंनी फोन तोंडाशी आणखी जवळ ओढला.

"अस बोलू नका, बन्सीभाई. निशाण लिसन पुढे गया तो पाय शे. मन्ही पोर रंजना त्या पायना काळजीमा धड जेवनी नही… हां… हां, खरंच सांगस… काय? ठराव मागे लेऊ? कसा लेऊ? दिल्लीनी पोर्तुगालनी वकिलात बंद करी टाकी, ती मी शहादामा उघाडू?… हसू नका… कोन? मोतीलाल? द्या, द्या त्याले… बेटा, पाय कसा शे?… चालस? वा रे वा!… हां, रंजनाले सांगसू… दे बापले… बोला बन्सीभाई… नारळ? आते धाडसू, त्याच एस.टी.मा!… आनी काय?… चार लोकंसमा तोडा, ते चार लोकंसमा जोडू? आते? बरं. ऐका मंग!"

गिरधरभाईंनी रिसीव्हर खिडकीकडे धरला आणि ते बाजाराच्या दिशेनं तोंड करून सगळा जीव एकवटून ओरडले,

"संबंध जोडा! ऐका रे सगळा, मी संबंध जोडा!… हॅलो? ऐकं का?… हॅलो?"

फोन बंद पडला होता. खिडकीखाली मात्र काल ठरावाला हात वर केलेली सगळी मंडळी आ वासून उभी होती. सुकराम हमालानं डोक्यावरची गाठोडी हळूच खाली ठेवली.

"भाई," तो म्हणाला, "पोर्तुगालसंगे?"